मत आणि निवाडा

२०२४ च्या ऑक्टोबरात, नवरात्र संपून दिवाळीची चाहूल लागली असताना, आमच्या भाच्याचा अमेरिकेतून दूरध्वनी आला. तो नॉर्थ कॅरोलायना राज्यात, रॅलेजवळच्या कॅरी गावी राहतो आणि काही वर्षांपूर्वी तेथील नागरिक झाला आहे. कुशल विचारून झाल्यावर तो म्हणाला, "मामा, यंदाची मतपत्रिका हातभर लांब आहे. राष्ट्राध्यक्ष आहे, गव्हर्नर आहे, विधिमंडळाची दोन्ही सभागृहे आहेत, शेतीखात्याचा आणि विमाखात्याचा आयुक्तसुद्धा आहे. तिथवर ठीक. पण खाली न्यायाधीशांची नावे आहेत. सर्वोच्च न्यायालयाची एक जागा, अपील न्यायालयाच्या तीन, शिवाय जिल्ह्याच्या. प्रत्येक नावापुढे पक्ष लिहिला आहे. न्यायाधीशाला मत कशावर द्यायचे, हे मला कळत नाही. तुम्ही काय केले असते?"

आम्हांला उत्तर सुचले नाही. न सुचण्याचे एक कारण असे की, त्याच वर्षी आमच्यावर मत देण्याची वेळच आली नव्हती. जुन्या शहरातले आमचे घर सुरत लोकसभा मतदारसंघात मोडते. २०२४ च्या एप्रिलमध्ये येथील एका प्रमुख पक्षाच्या उमेदवाराचा अर्ज, सूचकांनी 'या सह्या आमच्या नाहीत' असे सांगितल्यामुळे, बाद झाला. पर्यायी उमेदवाराचाही झाला. उरलेल्या आठ उमेदवारांनी अर्ज मागे घेतले, आणि २२ एप्रिलला मुकेश दलाल हे बिनविरोध निवडून आल्याचे जाहीर झाले. ७ मे रोजी गुजरातच्या उरलेल्या पंचवीस मतदारसंघांत मतदान झाले. लिंबायत आणि उधना येथील आमची मंडळी नवसारी मतदारसंघात असल्याने बोटाला शाई लावून आली. सोळा लाखांहून अधिक मतदारांचा आमचा मतदारसंघ मात्र त्या दिवशी घरी बसला. कायद्याने यात काही अडत नाही; जितक्या जागा तितकेच उमेदवार उरले तर मतदान घेऊ नये, असे १९५१ चा लोकप्रतिनिधित्व कायदाच सांगतो. तरीही शाई नसलेल्या बोटाकडे पाहताना काही चुकल्यासारखे वाटले खरे.

तेव्हा एकीकडे प्रतिनिधी निवडण्याचीही संधी न मिळालेले आम्ही, आणि दुसरीकडे न्यायाधीशही निवडण्याचा भार अंगावर आलेला भाचा, अशी ही गंमत होती. फोन ठेवल्यावर मात्र त्याचा प्रश्न मनातून जाईना. कायदे करणारा माणूस मतांनी निवडावा, हे आपण सर्व मान्य करतो. मग कायद्याने निवाडा करणारा माणूस मतांनी का निवडू नये? लोकांवर ज्याची सत्ता चालते तो लोकांना जबाबदार असावा, हे तत्त्व न्यायाच्या उंबरठ्यापाशी येऊन का थांबावे?

प्रथम हे मान्य केले पाहिजे की, अमेरिकेतील ही प्रथा कोणा खुळ्या माणसाच्या डोक्यातून निघालेली नाही. तेथील संघराज्याचे न्यायाधीश राष्ट्राध्यक्ष नेमतात आणि ते तहहयात पदावर राहतात. राज्यांचे तसे नाही. १८३२ साली मिसिसिपी राज्याने आपले सर्व न्यायाधीश लोकांनी निवडावेत असे ठरवले. १८४६ मध्ये न्यूयॉर्कने तेच केले. आणि आज पन्नास राज्यांपैकी बहुसंख्य राज्यांत न्यायाधीशांना या ना त्या रूपाने मतदारांसमोर जावे लागते. गव्हर्नर आणि विधिमंडळातले पुढारी आपल्या मर्जीतल्या माणसांना न्यायासनावर बसवतात, आणि मग ती माणसे नेमणाऱ्याच्या उपकाराखाली राहतात, अशी लोकांची तक्रार होती. मर्जीच्या गुलामीतून न्यायाला सोडवण्यासाठी त्यांनी तो लोकांच्या हाती दिला. हेतू स्वातंत्र्याचाच होता.

परिणाम काय झाला, याची दोन उदाहरणे पाहावीत. आयोवा राज्यात न्यायाधीश नेमला जातो, आणि ठरावीक मुदतीने 'याला कायम ठेवावे काय?' एवढाच प्रश्न मतपत्रिकेवर छापला जातो. समोर प्रतिस्पर्धी नसतो, तरी नकार देण्याचा अधिकार मतदाराला असतो. (एकच उमेदवार उरला असता आम्हां सुरतकरांना तेवढेही विचारले गेले नाही, हे येथे आठवतेच.) १९६२ पासून चालत आलेल्या या पद्धतीत तेथील सर्वोच्च न्यायालयाचा एकही न्यायाधीश कधी नाकारला गेला नव्हता. २००९ मध्ये त्या न्यायालयाने एकमताने समलिंगी विवाहाला मान्यता देणारा निर्णय दिला. २०१० च्या निवडणुकीत ज्या तीन न्यायाधीशांची मुदत आली होती, ते तिघेही मतदारांनी घरी पाठवले. त्यांनी लाच घेतली नव्हती, की कामात कुचराई केली नव्हती. निर्णय बहुसंख्यांना आवडला नव्हता, इतकेच.

दुसरे उदाहरण वेस्ट व्हर्जिनियाचे. तेथे एका कोळसा कंपनीविरुद्ध पाच कोटी डॉलरच्या भरपाईचा निकाल लागला होता आणि अपील व्हायचे होते. मधल्या काळात, २००४ साली, कंपनीच्या प्रमुखाने राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निवडणुकीत एका उमेदवाराच्या बाजूने सुमारे तीस लाख डॉलर खर्च केले. तो उमेदवार निवडून आला आणि पुढे तीन विरुद्ध दोन मतांनी कंपनीच्या बाजूने जो निकाल लागला त्या तिघांत तो होता. २००९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, या न्यायाधीशाने त्या खटल्यातून बाजूला व्हायला हवे होते. खर्चाचा आकडा त्यानंतर वाढतच गेला आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका जागेसाठी सर्व बाजूंनी मिळून सुमारे दहा कोटी डॉलर खर्च झाले.

आता आपल्या भाच्याच्या राज्याचे काय झाले ते सांगितले पाहिजे. ज्या जागेसाठी त्याने मत दिले, तिथे विद्यमान न्यायमूर्ती ॲलिसन रिग्ज आणि जेफरसन ग्रिफिन यांच्यात लढत होती. पंचावन्न लाखांहून अधिक मते पडली आणि फरक निघाला ७३४ मतांचा. फेरमोजणी होऊनही तो टिकला. मग पराभूत उमेदवाराने साठ हजारांहून अधिक मतपत्रिकांना हरकत घेतली. ते प्रकरण गेले कोठे? राज्याच्या अपील न्यायालयात, जिथे ते स्वतः न्यायाधीश होते. आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात, ज्याच्या जागेचाच वाद होता. त्यांनी आणि रिग्ज यांनी आपापल्या न्यायालयात या प्रकरणातून अंग काढून घेतले, हे खरे. उरलेले सहकारीही कोणत्या ना कोणत्या पक्षाच्या नावावर निवडून आलेले होते. राज्याच्या न्यायालयांनी काही मुद्द्यांवर ग्रिफिन यांच्या बाजूने कौल दिला. अखेरीस ५ मे २०२५ रोजी संघराज्याच्या एका न्यायाधीशाने सांगितले की, खेळ संपल्यावर नियम बदलता येत नाहीत, आणि रिग्ज यांची निवड कायम झाली. हा निर्णय देणारे न्यायाधीश रिचर्ड मायर्स निवडून आलेले नव्हते. त्यांना नेमणारे राष्ट्राध्यक्ष हे पराभूत उमेदवाराच्याच पक्षाचे होते. म्हणजे लाखो लोकांच्या मतांचे रक्षण अखेर अशा माणसाने केले, ज्याला त्या लोकांपैकी एकानेही मत दिले नव्हते!

या वाक्यापाशी आम्ही बराच वेळ थांबलो. कारण आमच्या घरातली एक गोष्ट त्याला जुळणारी आहे.

आमचे पणजोबा खानदेशातून गायकवाडी चाकरीसाठी नवसारी प्रांतात आले आणि तेथून सुरतेत. शेरीतले जे घर त्यांनी घेतले, त्याच्या भिंतीला एक खिडकी होती आणि ती शेजाऱ्याच्या चौकात उघडत होती. साठच्या दशकात शेजाऱ्यांनी ती बुजवण्यास सांगितले. माणसे सज्जन होती, चार पिढ्यांची गावकरी होती, शेरीतल्या प्रत्येक लग्नाकार्यात त्यांचा हात असे. आमच्याकडे एक जुना दस्त होता, गुजरातीत लिहिलेला. पण त्यावर पणजोबांचा शेरा आणि सही मोडीत होती. 'त्या मोडीत काय लिहिले आहे कोण जाणे!' असे शेरीत म्हटले जाई. प्रकरण दिवाणी न्यायालयात गेले. मुन्सफ गुजराती होते, तरुण होते, परीक्षा देऊन आलेले. त्यांनी मोडी वाचणारा एक वृद्ध कारकून शोधून आणला, दस्त अक्षर अक्षर वाचून घेतला आणि खिडकी आमची असल्याचा निकाल दिला. त्या दिवशी शेरीत हात वर करायला सांगितले असते, तर आमच्या बाजूने आमच्याच घरातले हात वर झाले असते. ती खिडकी आजही आहे आणि आमच्या देवघरात सकाळचे ऊन तिच्यातूनच येते.

ही गोष्ट इथेच संपवली असती तर आम्हांला बरे वाटले असते. पण ती अर्धीच आहे. दहा-बारा वर्षांनी, उन्हाळ्यात खानदेशातल्या आमच्या मूळ गावी गेलो होतो. तेथे काकांचा आणि बाहेरून येऊन वसलेल्या एका कुटुंबाचा शेताच्या वाटेवरून दावा चालू होता. गाव सगळे आपले, भाऊबंद आपले, तलाठी ओळखीचा. तरीही न्यायालयाने वहिवाट त्या कुटुंबाची ठरवली. ओसरीवर बसून काकांनी न्यायाधीशाचा उद्धार केला, सगळ्या गावाने माना डोलावल्या, आणि आम्हीही डोलावल्या. त्या क्षणी कोणी मतपत्रिका पुढे केली असती, तर तो न्यायाधीश दुसऱ्या दिवशी पदावर राहिला नसता. वडील तेवढे गप्प होते. परतीच्या गाडीत भुसावळ मागे पडल्यावर ते एवढेच म्हणाले, "सुरतेच्या शेरीत आपण कोण होतो, ते विसरू नये."

आमच्यासारख्या स्थलांतरित घराण्यांना ही दोन्ही टोके ठाऊक आहेत. कुठे आपण मोजण्याइतके असतो, कुठे नसतो. जिथे आपली संख्या आहे तिथे आपला माणूस विधानसभेत पाठवावा, रस्ता मागावा, मराठी शाळेचे अनुदान मागावे. त्यात काहीच गैर नाही. प्रतिनिधीने आपले ऐकावे यासाठीच तर तो असतो. परंतु न्यायाधीश आपल्याला लागतो तो आपण एकटे पडतो तेव्हा. बहुमत ज्याच्या पाठीशी आहे, त्याला न्यायालयाची पायरी चढण्याची गरज फारशी पडत नाही. त्याचे काम बाहेरच होऊन जाते. म्हणून न्यायाधीशाला बहुमताच्या हाती देणे म्हणजे छत्री पावसाच्याच हाती देण्यासारखे आहे.

मराठी माणसाला अशा प्रसंगी रामशास्त्री प्रभुणे आठवल्यावाचून राहत नाहीत. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. सत्ता रघुनाथरावांच्या हाती आली, आणि त्या सत्तेच्या समोर उभे राहून रामशास्त्र्यांनी त्यांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले, असे परंपरा सांगते. त्यानंतर शास्त्रीबुवा पुणे सोडून गेले. पण रघुनाथरावांचे पुढे काय झाले, हे आपण सुरतकरांनी विशेष लक्षात ठेवावे. बारभाईंनी पेशवाईचे सूत्र हाती घेतल्यावर ते पळत पळत आले ते सुरतेत. आणि ६ मार्च १७७५ रोजी मुंबईकर इंग्रजांशी त्यांनी जो तह केला तो 'सुरतेचा तह' म्हणून प्रसिद्ध आहे. साष्टी आणि वसई देऊ करून त्यांनी फौज मागितली. निवाडा विरुद्ध गेला की माणूस आपल्याला अनुकूल अशी एखादी शक्ती शोधत निघतो. त्या काळी ती शक्ती कंपनीची फौज होती. आजच्या काळी ती मतांची लाट असू शकते, किंवा तीस लाख डॉलर असू शकतात.

येथे वाचक योग्य आक्षेप घेतील. रामशास्त्री निवडून आले नव्हते, तसे ते आकाशातूनही पडले नव्हते. त्यांना पेशव्यांनीच नेमले होते. नेमणुकीतून रामशास्त्री निघतो तसा खुशमस्कऱ्याही निघतो. आणि आपल्याकडे तरी काय आहे? वरिष्ठ न्यायालयांतील नेमणुका १९९३ च्या निकालापासून न्यायाधीशांच्याच एका मंडळाच्या शिफारशीने होतात. संसदेने त्याऐवजी आयोग आणला, तो १६ ऑक्टोबर २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने रद्द ठरवला. बंद दाराआड कोण कोणाला का निवडतो, हे सामान्य माणसाला कळत नाही. अमेरिकेतल्या मतदाराला निदान न्यायाधीशाचे नाव ठाऊक असते. आपल्यापैकी कितीजणांना आपल्या उच्च न्यायालयातील पाच न्यायमूर्तींची नावे सांगता येतील? हा आक्षेप आम्ही पूर्णपणे मान्य करतो. दार उघडे असावे, नेमणुकीची कारणे लोकांना कळावीत, ही मागणी रास्तच आहे. परंतु दार उघडणे वेगळे आणि खुर्ची लिलावात काढणे वेगळे.

फरकाचे मूळ आम्हांला असे दिसते. मत गुप्त असते आणि त्याला कारण द्यावे लागत नाही. आम्ही अमक्याला मत का दिले, हे विचारण्याचा अधिकार जगात कोणालाही नाही. आणि गरीब मतदाराचे सारे स्वातंत्र्य या न सांगण्यातच आहे. निवाड्याचे नेमके उलट. निवाडा उघड्या दालनात द्यावा लागतो, आणि त्याला कारणे लिहावी लागतात. हरलेल्या माणसाने ती कारणे वाचावीत, वरच्या न्यायालयाने तपासावीत, पन्नास वर्षांनी एखाद्या विद्यार्थ्याने त्यांतली चूक काढावी, यातच निवाड्याची प्रतिष्ठा आहे. चार विरुद्ध एक अशी मोजणी न्यायासनावरही होते हे खरे. पण तेथे एकट्या पडलेल्या पाचव्यालाही आपली कारणे लिहून ठेवता येतात, आणि कधी कधी काळ त्याच्याच बाजूने कौल देतो.

कारण न देता केवळ संख्येने दिलेला निवाडा कसा असतो, हेही आपण पाहिले आहे. १९०७ च्या डिसेंबरात याच सुरतेत अध्यक्षाच्या निवडीवरून काँग्रेस फुटली, लोकमान्यांना व्यासपीठावर बोलू दिले गेले नाही. त्यानंतर सात महिन्यांनी मुंबईत त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला चालला आणि ज्यूरीने सात विरुद्ध दोन मतांनी त्यांना दोषी ठरवले. अर्धशतकानंतर, १९५९ साली, त्याच मुंबईत नानावटी खटल्यात ज्यूरीने आठ विरुद्ध एक मताने आरोपीला निर्दोष ठरवले. बाहेर जमलेल्या गर्दीला तेच हवे होते. न्यायाधीशांनी तो कौल न मानता प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले आणि तेथे शिक्षा झाली. एका वेळी संख्या लोकांच्या लाडक्या पुढाऱ्याविरुद्ध गेली, दुसऱ्या वेळी लोकांच्या लाडक्या आरोपीच्या बाजूने. दोन्ही वेळा तिने 'का' ते सांगितले नाही, कारण तसे सांगण्याचे बंधन तिच्यावर नव्हतेच.

तरीही भाच्याचा प्रश्न शिल्लक राहतोच. प्रथा चांगली की वाईट, हा वाद आपण करावा. त्याच्या हाती मतपत्रिका आहे आणि ती कोरी ठेवली तरी दुसरे कोणीतरी ती जागा भरणारच आहे. जबाबदारी नको म्हणून ती टळत नाही. दिवाळीच्या पाडव्याला आम्हीच त्याला दूरध्वनी केला. तोवर त्याने आगाऊ मतदान करून टाकले होते, तरी आम्हांला जे सुचले ते सांगितले. आमदार निवडताना विचारावे, 'हा माझे काम करील काय?' न्यायाधीश निवडताना विचारावे, 'माझी बाजू खोटी असेल तेव्हा हा मला तोंडावर तसे सांगेल काय?' जो उमेदवार प्रचारातच सांगतो की मी अमक्यांच्या बाजूने निकाल देईन, तो आपल्या बाजूचा असला तरी त्याला मत देऊ नये. कारण खटला ऐकण्यापूर्वीच त्याने निकाल विकला आहे.

भाचा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मामा, मग तर मला माझ्याविरुद्धच मत द्यायला सांगताय तुम्ही."

काहीसे तसेच आहे. आपल्याविरुद्ध जाऊ शकेल अशा माणसाला आपल्या हाताने आसनावर बसवायचे, आणि तो विरुद्ध गेला तर ओसरीवर बसून मान डोलवायची नाही. हे कठीण आहे. आम्हांलाही ते त्या उन्हाळ्यात खानदेशात जमले नव्हते. पण आपल्याकडे न्यायाधीशासाठी मतपत्रिका नाही म्हणून ही परीक्षा आपल्याला चुकली, असे कोणी समजू नये. निकाल आपल्याविरुद्ध लागल्यावर आपण चौकात, मंडळात, जेवणाच्या पंगतीत जे बोलतो, तेही एक मतच असते; आणि पुढचा मुन्सफ ते ऐकत असतो. पुढच्या वेळी एखाद्या परक्याची मोडी वाचायला तो कारकून शोधील की नाही, हे थोडेसे त्यावरही अवलंबून आहे.